पडलेलीच्या छातीवर बसायचं नाही

माझी नात अमरावतीत पिंजऱ्यात लढायची. पिंजरा म्हणजे खरोखरचा, जाळीचा. आत दोघी जात आणि हात, पाय, गुडघा, कोपर, जे चालेल त्याने एकमेकींना मारत. एक खाली पडली की दुसरी तिच्या छातीवर बसून ठोकायची. याला एमएमए म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी याला भांडण म्हणत आणि कोणी पदक देत नसे.

अडचण एवढीच की तिच्या वजनाची दुसरी मुलगी मिळत नव्हती. लढत ठरायची आणि मोडायची, स्थळ मोडावं तशी. पोरगी मागच्या खोलीत पोतं टांगून त्यालाच मारत बसली. अशात अकोल्याच्या बॉक्सिंगच्या सरांचा निरोप आला. त्यांच्याकडे मुलीही भरपूर, लढतीही भरपूर. आमच्याकडे एक लढत लढ, जिंकलीस तर तुला शिकायला घेतो; नाही तर तुमचा पिंजरा तुम्हाला लखलाभ.

तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, हे फार सोपं वाटलं. तो वकील आहे, त्याला दुसऱ्याचं काम नेहमीच सोपं वाटतं.

"आई, जिले चार हत्यारं चालवता येते, तिले एक चालवाले काय जड?"

"तुया बायकोले सगळा स्वयंपाक येते. मंग मांडे काहून फाटते तिचे?"

सून आतून म्हणाली, "बॉक्सिंगमधी मले घेऊ नका."

नातीला आमच्या बोलण्याशी काही घेणं नव्हतं. तिला धास्ती एकच, चुकून लाथ बसेल. मग सगळं घर तिच्या पायामागे लागलं. ती पोत्याला ठोसे मारायची आणि बाप शेजारी उभा राहून "पाय, पाय" करायचा. गोठ्यात म्हशीचं दूध काढताना करतात तसं. पाय सोडून बाकीच्या नातीत काय भरलं आहे, याचा विचार कोणी केला नाही. मीही नाही.

लढत अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात होती. नवरानवरी बसतात त्या जागी रिंग, समोर लाल गवसणीच्या खुर्च्या. अमरावतीहून तिच्या पिंजऱ्यातली दहा-बारा पोरं एसटीने आली होती. समोरची अकोल्याची मुलगी लहानपणापासून नुसतं बॉक्सिंगच शिकलेली. पहिल्या फेरीत तिने आमच्या पोरीचं नाक असं बडवलं, जसं काही आम्ही त्यासाठीच घरून तिला घेऊन आलो. आमची जवळ जाऊन तिची मान धरायची, पंच सोडवायचा. पुन्हा धरायची, पुन्हा सोडवायचा. पाय मात्र उचलला नाही. बाप खूश.

"पाहा आई, शिकली ना?"

"हो. मार खायले शिकली."

दुसऱ्या फेरीत मात्र आमचीचा उजवा हात वरून आला आणि अकोल्याची मुलगी धाडकन खाली बसली. एवढा स्वच्छ ठोसा मलाही कळला. बॉक्सिंगचा नियम असा की, एक पडली की दुसरीने दूरच्या रिकाम्या कोपऱ्यात जायचं आणि पंचाने दहा मोजायचे. आमची कोपऱ्यात गेली असती, तर बहुतेक जिंकलीच असती. पण अमरावतीची सगळी पोरं एका सुरात ओरडली, "वर बस, वर बस." तिचा बापही ओरडला. पिंजऱ्यातली रोजची सवय. आणि ती बसली. पडलेल्या पोरीच्या छातीवर बसून दोन ठोसे हाणले. पंचाने तिला काखेत धरून उचललं आणि बाद केलं.

नंतर पंगतीच्या हॉलमध्ये सर भेटले.

"हात हाये पोरीले," ते म्हणाले. "अक्कल पिंजऱ्यात राहिली."

मुलगा पुढे सरसावला. "सर, कायद्यानं पाहिलं तर समोरची आधीच पडली होती."

"कायद्यानंच बाद झाली, वकीलसाहेब."

मग नात बोलली. नाकात कापूस होता. "सर, मी जिंकली नाही, मले माहीत हाये. पण घ्याल काय?"

सर म्हणाले, "पिंजरा बंद. समोरची पडली का पाठ फिरवून कोपऱ्यात जाणं, हे अंगात भिनव. मंग ये."

आता प्रश्न, घरात पडणार कोण? पोतं पडत नाही. पहिले दोन दिवस बाप पडला, तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. सुनेला काम असतं. उरले मी. म्हणून रोज सकाळी नात माझ्यासमोर हवेत ठोसे मारते आणि मी गादीवर पडते. सुरुवातीला ती दरवेळी अंगावर झेपावायची आणि माझ्या छातीपाशी येऊन थांबायची.

"आजी, सांगून नको पडत जाऊ. अचानक पड."

"अचानक पडली तर डॉक्टर लागीन, सर नाही."

काल मात्र मी चहाचा कप ठेवता ठेवताच गादीवर कलंडले. ती वळली, कपाटाजवळच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी हात वर केला तरी जागची हलली नाही. शेवटी माझी मीच उठले, गुडघे धरून. सोमवारच्या एसटीने अकोल्याला जाते म्हणाली.