सरकीचा कौल

भाजीबाजारातल्या बायकांशी मी खोटं बोललो. घाईत किंवा न कळून नाही, नीट विचार करून बोललो.

तेव्हा मी अमरावतीच्या म्युनिसिपल शाळेत मास्तर होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कमिटीच्या निवडणुकीत मत असे ते घरदारवाल्या, कर भरणाऱ्या लोकांना. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या माळणींना कोण विचारणार? म्हणून बाजार बडनेऱ्याच्या रस्त्याला, गावाबाहेर हलवायचा की नाही हे तिथे बसणाऱ्यांनाच विचारायचं कमिटीत ठरलं, तेव्हा मला भरून आलं. परदेशात असा कौल घेतात हे मी वाचलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. "जागा ठरलेली आहे," ते पान लावता लावता म्हणाले. "पण लोकांना विचारलं असं वर सरकारला दिसायला हवं. कौल कमिटीवर बंधनकारक नाही. हे बाजारात सांगत बसू नका, नाहीतर कोणी यायचं नाही. तुमच्यावर त्या बायकांचा विश्वास आहे." हेडमास्तरची जागा लवकरच रिकामी होणार होती. मी मान डोलावली.

बायकांना लिहिता येत नव्हतं. युक्ती मीच काढली. बाजार इथेच हवा असेल तर मडक्यात एक सरकी टाकायची, हलवायला हरकत नसेल तर ज्वारीचा दाणा. मडकं बाजाराच्या मधोमध ठेवलं. बाजूलाच खुर्ची टाकून ठेकेदार बसला. कोणाला कुठे बसवायचं हे त्याच्याच हातात असे.

विहिरीजवळच्या लिंबाखाली एक म्हातारी माळीण बसायची. तिची सासूही तिथेच बसत असे. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तिच्याकडच्याच हव्यात म्हणून लोक सकाळी तिच्याकडे वाट वाकडी करून येत. तिच्या नातवाला मी शिकवत होतो.

"मास्तर, तो पाहून राहिला ना," ती ठेकेदाराकडे न बघता हळूच म्हणाली. "मी सरकी टाकली तं मले मंग कुठं बसवीन तो? आमी म्हणू तसंच होईन, का उगाच इचारून राहिले?"

"तुम्ही म्हणाल तसंच होईल," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वळून बाकीच्यांना म्हणाली, "मास्तर म्हणून राहिले. चला वं." आणि सगळ्यांच्या आधी तिने सरकी टाकली.

मग सगळा बाजार मडक्याकडे लोटला. वांगी विकणारी एक जण म्हणाली, "एकच काहून? मी तं मूठभर टाकतो."

"तुह्या म्हशीले बी मत देलं काय सरकारनं?" मागून कोणीतरी विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

मडक्यात ज्वारी औषधापुरती निघाली. तरी पुढच्या सभेत बाजार हलवायचा ठराव झाला. म्हातारी चार-पाच जणींना घेऊन कचेरीवर आली. अध्यक्ष ओसरीवर उभे होते. "आम्ही मत विचारलं होतं, परवानगी नाही," ते म्हणाले. सभासद हसले. मी त्यांच्या मागे उभा होतो. मीही हसलो.

त्याच अंगणात चपराशी ते मडकं अध्यक्षांच्या दमणीला जुंपायच्या बैलांपुढे रिकामं करत होता. बैल सरकी चघळत होते, त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि बायका ते बघत होत्या. मला शिसारी आली, पण बैलांची नाही. खादीच्या टोप्या घालून लोकांच्या राज्यावर बोलणारे ते सभासद, तो ठेकेदार, आणि त्या घोळक्यात दात काढून उभा असलेला मी, हे सगळं ओकून टाकावंसं वाटलं. वाटलं एवढंच. पुढे मी हेडमास्तर झालो आणि नंतर अकोल्याच्या शाळेत गेलो.

नव्या बाजारात ठेकेदाराने त्या म्हातारीला अगदी मागे, गटाराला लागून जागा दिली. पहिली सरकी तिची होती, हे तो विसरला नव्हता.

कमिटीने प्रत्येक कौल मानलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. नुसतं मत विचारण्यातही पाप नाही. पण 'आम्ही ऐकूच असं नाही' हे आधी सांगायला हवं. मग ठेकेदारासमोर मडक्यात सरकी टाकायची की नाही, हे तिने ठरवलं असतं. ते ठरवणं मी तिच्याकडून चोरलं.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला गेलो. ती गटाराशेजारीच बसली होती, सुकत चाललेल्या जुड्यांवर पाणी शिंपडत.

"कोन, मास्तर? लय पिकले की तुमी," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि अध्यक्षांच्या घरी झालेलं बोलणं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हंजे तवाच मालूम होतं तुमाले?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"हेडमास्तर व्हायचं होतं."

शेजारच्या बायकांकडे हात करून ती म्हणाली, "मले एकटीले काय सांगता? ह्या बी होत्या तवा. उभे राहा, जोरानं सांगा."

मी उभा राहिलो. वांगी तोलणारीने तराजू खाली ठेवला. हात जोडून म्हणालो, "कमिटी तुमचं ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी तुम्हाला खोटं सांगून मडक्यापर्यंत आणलं. ह्या बाईची जागा माझ्यामुळे गेली. माझं चुकलं, मला माफ करा."