पाठीवर पिल्लू असलेला बैल

मी चौथी शिकलेला माणूस. पण डोळे शाबूत आहेत, आणि भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी जन्मभर तोंडावर खोटं पाडलंय. गावात ज्या चिंचेखाली हडळ आहे म्हणायचे, तिथे मी मुद्दाम खाट टाकून झोपायचो. त्यामुळे हे लिहिणं मलाच जड जातंय... पण लिहिणार.

२००५ सालची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला माझा मुलगा सुधीर राहतो. घरामागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, त्याच्यापुढे लाल मातीचा तुकडा. माती कसली, भाजलेली वीट! माझ्याजवळ आमच्या हिनं राखलेलं गावरान सांभाराचं — तुम्ही कोथिंबीर म्हणता — शेवटचं मूठभर बी होतं. ही गेली, शेत भावांकडे गेलं, मी इकडे आलो, बी जुनं होत चाललं. त्या वर्षी पेरलं नसतं तर ते वाण संपलंच होतं. उन्हाळाभर कुदळ मारली, ती टणकन उडायची. सुधीर म्हणाला, बाबा, आता पुरे, पुढच्या आठवड्यात लॉनवाला येतोय. मी सांगितलं, बी पेरल्याशिवाय इथे गवताचं पातं लागू देणार नाही.

हॉलमध्ये सूनबाईनं गराज सेलमधून आणलेलं एक लाकडी जनावर होतं. काळं, लांब सरळ शिंगं, पाठीवर पिल्लू. तेवढ्यात पोळा आला. आमच्या नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलच पुजतात, म्हणून मी यालाच बैल ठरवला. नात हसायला लागली, "आजोबा, बुलच्या पाठीवर बेबी कसं?"

"अमेरिकेत बापही पोरं सांभाळतात," मी म्हटलं.

आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि मोठ्यानं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सूनबाई म्हणाली, बाबा, अहो तो आर्ट पीस आहे, डाग पडेल. म्हटलं, पडू दे.

पोळ्याला पुरणपोळी केली तिनं, बिचारीनं. बैल घरात जेवत नाही, म्हणून त्याला डेकवर ठेवला. आणि बैल एकटा नसतो, त्याची जोडी असते, म्हणून ताटं दोन मांडली. सूनबाईनं विचारलं, दुसरं कोणाचं? जोडीदाराचं, मी म्हणालो. जेवलेल्या पाहुण्याला लगेच उठवू नये, म्हणून तो रात्री तिथेच राहिला.

सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो. दोन्ही ताटं साफ. ते ठीक आहे, इथे रात्री रकून नावाचं चोरटं जनावर फिरतं. पण खाली... मातीत नांगराचे दोन तास, म्हणजे चर, काढलेले. शेजारी शेजारी, दोरी धरल्यासारखे सरळ, कुंपणापासून डेकपर्यंत. हात घातला तर भुसभुशीत माती. वीतभर बाजूला कुदळ मारून पाहिली — टण! जनावर जागेवरच होतं. शिंगांच्या टोकांना ओली लाल माती.

सुधीर म्हणाला, हरणं आली असतील. हरीण काय नांगर धरतं? मग म्हणाला, बाबा, तुम्हीच केलं असेल. अरे, मी केलं असतं तर आतापर्यंत सगळ्या कॅरीला सांगून झालं असतं!

चहा तसाच ठेवला आणि बी टाकलं.

दिवाळीत सुधीरच्या ऑफिसातला मूसा जेवायला आला. आफ्रिकेतल्या मालीचा. जनावर बघितलं आणि जेवता जेवता उठून उभा राहिला. तो सांगत होता, सुधीर मराठीत करत होता. हा बैल नाही, हरणासारखा प्राणी आहे. त्यांच्यात म्हणतात, यानंच शिंगांनी जमीन उकरून माणसाला शेती शिकवली. म्हणून हा डोक्यावर बांधून शेतात नाचतात. मग मूसानं विचारलं, "ही मादी आहे. हिचा नर कुठे आहे?"

सुधीर म्हणाला, एकच आणलाय. मूसानं मान हलवली. शेतात ही एकटी उतरतच नाही, म्हणाला, जोडीनंच येतात.

मी म्हटलं, "सुधीर, त्याला सांग. नरालाही आवतन होतं, दुसरं ताट त्याचंच."

सुधीरनं सांगितलं. कोणी हसलं नाही.

लॉनवाल्याला सुधीरनंच पोळ्यानंतर लगेच परत पाठवलं होतं. सांभार थंडीतून निघाला, वसंतात फुलला, बी धरलं. हे तिसरं वर्ष. त्यानंतर माती आपोआप कधी उकरली गेली नाही, कुदळ मीच मारतो. ते तास कोणी काढले, मला आजही माहीत नाही. कोणाला कळलं तर जरूर लिहा.

पोळ्याला ताटं मात्र दोनच लागणार, त्यावर चर्चा नाही.