तळापासून तपासणारे घारपुरे सर

घारपुरे सरांची आणि माझी पहिली भेट टेबलाखाली झाली. दोन हजार आठ साली पनवेलच्या आमच्या कॉलेजात मी कंत्राटी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा सरांच्या फक्त चपला दिसत होत्या. आतून आवाज आला, "जरा बॅटरी धरता का?" माझं स्वागत ते एवढंच.

सर नेटवर्किंग शिकवत. संगणकांचा संवाद थराथरांनी चालतो: तळाशी वायर, तिच्यावर पत्ता आणि वाट सांभाळणारे थर, सगळ्यात वर आपल्याला दिसणारं पान. प्रत्येक थराने आपलं काम करायचं, दुसऱ्याच्या माहितीच्या पाकिटात डोकावायचं नाही. बिघाड मात्र तळापासून शोधायचा, हा सरांचा दंडक. आम्ही उतावळे, आधी सर्व्हरशी झटापट करायचो. सर शांतपणे विचारायचे, "वायर पाहिली?" या प्रश्नाचा मला फार राग यायचा.

एका वर्षी डिप्लोमाच्या ऑनलाइन अर्जाच्या शेवटच्या दिवशी उरणहून हिराबाई नावाच्या एक कोळीण बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुदत पाचची, आणि तीन वाजता आमचं सगळं नेटवर्क ठप्प. मी सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. हिराबाई सरांना म्हणाल्या, "पोरीचं वरीस फुकट जाईल, सर. फारम पोचेल का नाय?"

"आत्ता सांगता येत नाही. पण तो जाईपर्यंत मी इथून हलत नाही," सर म्हणाले. वायरी तपासता तपासता, आपण काय शोधतोय आणि वायर आत काय आहे ते न पाहता माहिती कशी पुढे नेते, तेही त्यांनी बाईंना समजावलं.

"आमचा टेम्पोवाला पन टोपलीत पापलेट हाय का बोंबील, इचारत नाय. नेऊन पोचवतो," बाई म्हणाल्या. पुढे सर हे उदाहरण दर वर्षी वर्गात देत, हिराबाईंचं नाव घेऊनच.

शेवटी दोष सापडला. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जोडणाऱ्या डब्यात, होती, माहिती त्यातच गरगरत होती. सकाळी आवराआवर करताना एक टोक लोंबकळताना दिसलं, निसटलं असेल असं समजून मीच ते खोचलं होतं. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. प्राचार्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "वायरींना चिठ्ठ्या लावणं माझं काम. राहून गेलं." बिघाडांच्या रजिस्टरमध्येही त्यांनी तसंच लिहिलं. अर्ज पावणेपाचला गेला.

दुसऱ्या दिवशी मी कबुली द्यायला गेले, तर सरांनी हातात चिठ्ठ्या आणि मार्कर ठेवला. दिवसभर आम्ही दोघं वायरींना नावं लावत बसलो. कंत्राट वाढलं. आज ती प्रयोगशाळा मी सांभाळते.

सरांनी साठी ओलांडली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांच्या आवडत्या कर्नाळा किल्ल्याची चढण ऐंशीतही त्यांना दमवू नये. त्यांच्या साठीनिमित्त इथे जमलेल्या आपणा सर्वांसमोर मला एक दुरुस्ती करायची आहे. रजिस्टरमधल्या त्या नोंदीखाली सरांची सही आहे. चूक माझी होती.