मामांचा दाढीचा आरसा

पडदे ओढून अंधार केलेल्या काळ्या खोलीत शिरायचं तर आधी मामांच्या ॲल्युमिनियमच्या ताटात सगळं लोखंड ठेवावं लागे. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात मामा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. त्याआधी फौजेत, गाव वडूज. एकदा प्राचार्यांनाही त्यांनी दारात पट्टा सोडायला लावला. साहेब दोन्ही हातांनी पँट धरून माझा प्रयोग बघून गेले.

प्रयोग असा: काचेवर लोखंडाचा इतका पातळ थर चढवायचा की त्याला लांबी-रुंदी आहे, जाडी नावालाच. त्यावर प्रकाश पाडायचा, शेजारचं विजेवरचं चुंबक चालू करायचं आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते का ते पाहायचं. वळली तर मीटरचा काटा हलणार. "पापुद्र्याला कसलं आलंय चुंबकपन," मामा म्हणत. "सावलीला गुदगुल्या कराय निघाल्यात सातारकर बाई." माझं एम.फिल. त्या पापुद्र्यावर टांगलेलं, आणि ह्यांना थट्टा सुचायची.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना काटा हलला. चांगला झोकात, पुन्हा पुन्हा हलला. चुंबकाची दिशा उलटी केली की काटाही उलटा हलायला हवा, हे तपासायचं त्या आनंदात राहूनच गेलं. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणले. माझे मार्गदर्शक सर खूश. मामांनी मात्र पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. "खाईन की. गडबड काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्यासमोर चुंबक चालू केलं. काटा हलला.

"लय भारी," म्हणत मामांनी पडदा सारून उजेड केला. "आता पापुद्रा कुठं हाय बघा."

स्टँडवर माझी काच नव्हतीच. तिथं मामांचा फौजेतला दाढीचा आरसा होता. त्याचा चुंबकाशी काडीचा संबंध नाही, आणि काटा त्यालाही तितक्याच इमानाने सलाम ठोकत होता.

मला रडू आलं, रागही आला. मामांनी वाकून स्टँडला टिचकी मारली. "आवं बाई, पोरींच्या पिना काढून घेतल्या मी, आन् ह्यो लोखंडाचा बाप आतच हुबा. चुंबक ह्याला वडतंय. उजेड न्हाई वळत, स्टँड हलतोय." इतकी वर्षं दारात पहारा करून आपणही फसलो, याचंच त्यांना जास्त हसू येत होतं.

दोन दिवसांत त्यांनी पितळी स्क्रूंचा सागवानी स्टँड केला. आरसा ठेवला, काटा ढिम्म. काच ठेवली, काटा केसभर हलला. चुंबकाची दिशा बदलली, तर केसभर उलटा. मामांनी खिशातला पेढा काढला. त्याचा दगड झाला होता. कडाकडा चावून खाल्ला.

निवृत्त होताना त्यांनी आरसा माझ्या हातात ठेवला. "काटा लयच झ्याक हलाय लागला, की आदी ह्यो ठिवायचा."

"आणि तुमची दाढी?"

"वाडवीन."

मला वाटलं, नेहमीची थट्टा. माझ्या प्रयोगशाळेत आजही आधी तो आरसा लागतो, मग पेढे. मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी वडूजला गेले. हार घातलेल्या फोटोत मामांना छातीपर्यंत पांढरी दाढी होती.