उशीचोर

गावात तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांसाठी ती उशीचोर. रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून ती उतरली, की बायका एकमेकींना म्हणायच्या, "आली गं, उशा सांभाळा." ती ऐकायची आणि म्हणायची, "सांभाळा कशाला, लपवूनच ठेवा. मला ओढाव्या तरी लागणार नाहीत."

घरात माणूस बेशुद्ध पडलं, की मायेचा पहिला हात उशीकडे जातो. एक उशी, तिच्यावर दुसरी, जीव फारच गुंतलेला असेल तर तिसरी. मान पुढे मुडपते, हनुवटी छातीला टेकते, सैल पडलेली जीभ मागे सरकून घशाच्या दारात बसते. आणि भोवतीची माणसं म्हणतात, बघा, आता कसा आराम वाटतोय. अशा घरात शिरल्यावर ती कुणाला काही विचारत नसे. उशी ओढून भिरकावायची, गुडघे टेकायची, एक तळवा कपाळावर ठेवायची, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीच्या हाडाखाली घालून ती वर उचलायची. मग कान त्या माणसाच्या नाकाशी आणि डोळे छातीवर. छाती हलते का ते बघायचं, हवा ऐकायची, तिची ऊब गालावर घ्यायची. तेवढ्या वेळात घरातलं रडणंसुद्धा तिला खपत नसे. "गप्प!" असं ती ओरडायची, की उंबऱ्यावरचं कुत्रंही शेपूट आवरून बसायचं.

ती राहायची थोरल्या दिरांच्या घरात. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो दिरांचा. ते शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ताठ कॉलर शिवावी तर मास्तरांनीच. त्यांच्या हातचा सदरा अंगात घातला, की माणसाला मान वाकवणं जमायचं नाही. स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी कधी उघडं टाकलं नाही, आणि वरच्या दातांची कवळी कधी कुणादेखत काढली नाही. जाऊबाई म्हणायची, "मी लग्नाची बायको, पण त्या कवळीचं तोंड मीही पाहिलेलं नाही."

त्याच सुमारास तिची तक्रार झाली. मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला तिनं पलंगावरून खाली जमिनीवर घेतलं होतं आणि लेकी-सुनांना खोलीबाहेर काढलं होतं. म्हातारा बरा होऊन चालू लागला आणि तक्रारही चालू लागली. चालत चालत ती मास्तरांच्या दुकानापर्यंत आली.

सकाळी ती बुटाची नाडी बांधत होती. मास्तर कात्री खाली ठेवून म्हणाले, "परक्या पुरुषांच्या तोंडात बोटं घालतेस. माप देताना गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसतं. घराण्याची मान खाली गेली."

"दादा, मान खाली गेलेलीच माणसं माझ्या वाट्याला येतात. मी ती वर करते."

"उलट बोलू नकोस! संध्याकाळी तुझ्या साहेबांकडे जातोय. हिचं नाव काढून टाका, म्हणून सांगणार. बाईनं घरात मान खाली घालून राहावं."

"जा की," ती उभी राहिली. "नाव काढलं तर बिननावाची जाईन. गाडीत घेतलं नाही तर गाडीमागं चालत जाईन. पण जाईन."

मास्तर रागानं ताटावरून उठले. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी घेतली. राग जेवणावर काढायची त्यांना खोड होती, गोळीवर नव्हे.

दुपारी गाडी नाक्यावर लावून ती घरी जेवायला आली. दुकानाचा पडदा अर्धा ओढलेला होता आणि आतून मोठ्यानं घोरणं ऐकू येत होतं. जाऊबाईनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. हातपाय कापत होते, घामानं चिंब झाले होते, म्हणून इथंच आडवं केलं. आता कसे छान घोरतायत बघ. राग झोपेत जिरेल."

ती दारातच थबकली. झोपेतलं घोरणं झोक्यासारखं येतं नि जातं. हे घोरणं ओढलं जात होतं आणि मध्येच अडत होतं.

"ताई, दादा घोरतात का हो कधी?"

"छे, कधीच ना..." जाऊबाईचं ओठावरचं बोट खाली आलं.

ती आत धावली. हाक मारली, खांदे हलवले. मास्तर हूं की चूं करेनात. डोक्याखाली दोन उशा होत्या. तिनं हात घातला तशी जाऊबाई त्या उशांना बिलगली. "नको गं! दीर आहेत तुझे. जागे झाले तर काय म्हणतील?"

"जागे झाले तर हव्या तेवढ्या शिव्या देऊ देत. सोडा!"

दोघी दोन्हीकडून ओढू लागल्या. उशांची शिवण मास्तरांची, ती कशाला उसवतेय! शेवटी जाऊबाईची बोटंच सुटली. सदऱ्याचं वरचं बटण निघेना, तेव्हा तिनं हिसका दिला. बटण उडून मशीनखाली गेलं. कपाळावर तळवा, हनुवटीखाली बोटं, मान वर. तरी घरघर पुरती जाईना. तोंड उघडून पाहिलं तर कवळी निसटून मागं सरकलेली. तिनं ती काढली आणि कापडावर खुणा करायच्या खडूशेजारी ठेवली.

घोरणं एकदम थांबलं.

"गेले!" जाऊबाईनं हंबरडा फोडला. "थांबलं गं सगळं!"

"गप्प!"

त्या घरात इतक्या मोठ्यानं तोवर कुणीच बोललं नव्हतं. तिनं कान नाकाशी नेला. छाती सावकाश वर आली. गालाला ऊब लागली.

"घोरणं गेलं, ताई. श्वास आलाय."

"साखरपाणी घालू तोंडात?"

"थेंबही नको. शुद्ध नाही, श्वासात जाईल. नाक्यावर जा आणि ड्रायव्हरला औषधांची पिशवी घेऊन बोलवा. मला ही हनुवटी सोडता येत नाही."

जन्मात रस्त्यावर आवाज न काढलेली जाऊबाई अनवाणी पळाली आणि अख्खी गल्ली बाहेर येईल अशी ओरडली. ड्रायव्हर पिशवी घेऊन आला. बोटातल्या रक्ताच्या थेंबानं सांगितलं, की साखर तळाला गेली आहे. तिनं शिरेतून साखर दिली. थोड्या वेळानं मास्तरांनी डोळे उघडले. त्यांचा हात आधी गळ्याशी गेला, मग तोंडाशी.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, ही तक्रार तर घरातूनच येणार."

दवाखान्यातून मास्तर परतले. बटण नवं, गळा बंद, कवळी जागेवर. आभार त्यांनी मानले नाहीत. तिनंही वाट पाहिली नाही. ती आपली बुटाची नाडी बांधत बसली.

"मान दुखतेय माझी," मास्तर मशीनकडे बघत म्हणाले.

"दुखू द्या, दादा. आहे म्हणून दुखतेय."

मशीनचं चाक थोडं फिरलं आणि थांबलं. "त्या साहेबांकडे जायचं राहूनच गेलं."

"जा ना. पण आज गेलात तरी मी कामावर आहे, उद्या गेलात तरी आहे."

मास्तर काही बोलायच्या आत जाऊबाईनं ताट आणून थेट मशीनवर आपटलं. कापड आमटीत भिजलं.

"कुठं जायचं ते जेवून जा," ती म्हणाली. मान वर करून म्हणाली. "आणि तिचं नाव काढायला जाणार असाल, तर माझंही तिथं घालून या. मीही शिकेन म्हणते उशा ओढायला."

नाक्यावर गाडीचा भोंगा वाजला. उशीचोर उठली आणि बाहेर पडली. मागं मास्तर मुकाट्यानं जेवत होते.