मामा सरळ उभा राहिला तेव्हा

आमचा मामा कुलूपवाला. बिघडलेली कुलपं दुरुस्त करायची, हरवलेल्या चाव्या नव्यानं घडवायच्या. पाठ मात्र तरुणपणापासूनच वाकत गेलेली. मणके एकमेकांना चिकटून सगळा कणा एकसंध हाड होऊन बसतो, असा त्याचा आजार. नाव एवढं लांबलचक, की मामा म्हणायचा, "ते घेईपर्यंत माणूस अजून थोडा वाकतो." मान वर होत नसे, म्हणून गिऱ्हाइकं तो चपलांवरून ओळखायचा.

एके दिवशी घरालगतच्या दुकानातल्या बुटक्या स्टुलावरून तो घसरला आणि फरशीवर आपटला. पाठीत कळ आली. पण पाठदुखी त्याच्या घरचीच, तिचं कौतुक कोण करणार? एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. मुका मार म्हणून गोळ्या मिळाल्या.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी तो उठून उभा राहिला, आणि थेट समोर बघू लागला. समोर मामी होती.

"अगं, तुझ्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?"

घरात आनंदीआनंद. शेजारीपाजारी बघायला आले. "पडलास ते बरंच झालं," असं म्हणत माझ्या वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कुठे काय करावं हे आमच्या वडिलांना जन्मात कळलं नाही. मामाचा चेहरा पांढराफटक पडला, तरी तो हसत राहिला. मला ते हसू बघवेना.

मामी एकटी त्या आनंदात नव्हती. "वाळलेलं लाकूड आपण होऊन सरळ होत नाही," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "ते मोडतं."

"अभद्र बोलू नकोस," बाहेरून मामा म्हणाला. "जरा बघू दे की मला."

त्या संध्याकाळी दुकान बंद करून तो घरात आला तेव्हा डावा पाय अनवाणी होता. चप्पल बाहेर वाटेतच पडली होती, आणि ती निसटल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मामीनं ती उचलून आणली, त्याच्यासमोर धरली. मग मला म्हणाली, "गाडी आण. आत्ता."

वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्या पाठीला दोन्ही हात लावून धरत होती.

मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय त्याला सपाट झोपवायला निघाला, तेवढ्यात सर्जनबाई धावत आल्या. "सपाट नको! डोक्याखाली, खांद्यांखाली उशा रचा. पूर्वी वाकलेले होते तसंच राहू दे." स्कॅन बघून त्यांनी सांगितलं, "कणा सरळ झालेला नाही. मधून मोडून उघडलाय. फट वाढली तर आतला मज्जारज्जू चिरडेल आणि दोन्ही पाय जातील."

ऑपरेशन लगेच करायचं होतं, पण मोठी चीर द्यायची नव्हती. पाठीवर छोटी छोटी छिद्रं पाडून, एक्स-रेवर बघत बघत स्क्रू आणि सळ्या आत सरकवायच्या होत्या. रक्त कमी जातं, म्हणाल्या.

"म्हणजे कुलूप न फोडता काम," मामा म्हणाला. मग हळूच विचारलं, "बसवताना थोडा सरळ ठेवता येईल?"

"मुद्दाम सरळ करायला गेले तर पायांना धोका आहे. कणा पूर्वी वाकलेला होता तसाच बसवणार."

आत नेईपर्यंत मामा मामीकडे बघत होता. मी तोंड फिरवलं. मला रडू आवरेना.

मामा शुद्धीवर आल्यावर मामीनं आधी त्याच्या पायांवरची चादर काढली. उजवा अंगठा हलला. डावा हलायला इतका वेळ लागला, की आम्ही श्वास घ्यायला विसरलो.

मामा आता पुन्हा पूर्वीसारखाच वाकून दुकानात बसतो, डावा पाय थोडा ओढतो. पुन्हा पडला तर कणा दुसरीकडे मोडेल, हे सर्जनबाईंनी बजावलंय. त्यामुळे दुकानात काही धपकन वाजलं की घरातले सगळे जागच्या जागी थिजतात. ते बुटकं स्टूल वडील फेकायला निघाले होते. मामीनं फेकू दिलं नाही. मामाशी बोलायचं असलं की ती त्याच्यासमोर त्या स्टुलावर बसते, त्याला तिचं कपाळ दिसेल अशी.