उदार माणसाच्या घरात

नववीत असताना 'उदार' या शब्दाचे समानार्थी शब्द मी वहीत लिहिले होते: दिलदार, दानशूर, सढळ हाताचा. बाईंनी उदाहरण विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिचे वडील." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. मला अभिमान वाटला.

ते खोटं नव्हतं. फैजपूरच्या पलीकडे आमची केळीची बाग. गावात कुणाचंही लग्न असो, मांडवाचे केळीचे खांब आमच्याकडूनच जायचे. कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असलं की वडिलांची, आमच्या आबांची, जीप हजर.

घरात ते आईला मारायचे. भाजी खारट झाली म्हणून, फोन लगेच उचलला नाही म्हणून. एकदा त्यांनी तिचं डोकं ओट्यावर आपटलं आणि तासाभरात शेजारच्या लग्नात पंगत वाढायला गेले. आई चार दिवस पदर कपाळावर ओढून वावरली.

त्या हिवाळ्यात आबांनी भरताची पार्टी दिली. आम्ही मळ्यातच राहायचो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पन्नासेक माणसं भरीत-पुरी खाऊन तृप्त झाली. "भाऊसारखा दिलदार माणूस तालुक्यात नाही," असं आबांबद्दल म्हणत पाहुणे दुपारी गेले. मी आणि अक्का भांडी घासायला बसलो. अक्का साक्रीकडून मजुरीला आलेली, बागेच्या कडेला झोपडीत राहायची.

आबा कोठीतून बाहेर आले. "दादर ज्वारीची गोणी कुठंय?"

आई म्हणाली, "अक्काला दिली. तिचा नवरा महिनाभर अंथरुणावर आहे. त्यांच्याकडे चूल पेटत नाही."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही नाही का आज पन्नास जणांना जेवू घातलं?"

"मी देतो ते दान. तू दिलं ती चोरी."

भिंतीला पाण्याच्या पाइपाचा तुकडा टेकवलेला होता. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा कानावर. ती खाली पडली तरी ते मारत राहिले. ती ओरडत होती. अक्का उठली आणि पळाली. मी हातात घासणी घेऊन तशीच उभी राहिले. हललेसुद्धा नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

थोड्या वेळाने अक्का जशीच्या तशी भरलेली गोणी ओढत घेऊन आली. ती अंगणात टाकून आबा आणि आई यांच्या मध्ये उभी राहिली.

"भाऊ, जवारी हाई शे. बठ्ठी शे. आते तिले मारू नका."

आबांनी उचललेला हात आवरला नाही. तिने मनगट आडवं धरलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी पुन्हा पाइप उगारला, तेव्हा आई जमिनीवरून उठली आणि त्यांच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं तरी सोडेना. पाइप सुटला. तो मी उचलला आणि विहिरीत फेकला. माझ्या हातून घडलं ते एवढंच.

आई आम्हा दोघींना घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेली. तिच्या कानातून रक्त येत होतं. रिक्षा मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का?" दर वेळी ती हो म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "नवऱ्यानं मारलं. दोघींना. तसंच लिहा."

पोलीस चौकीत हवालदाराने पेन खाली ठेवलं. "ताई, इतका दानशूर माणूस. एका गोणीपायी त्याची अब्रू घालवता?" आई म्हणाली, "तुम्ही लिहा." गावातूनही माणसं आली, समजूत घालून गेली. केस रेंगाळली आणि आबांना फारशी शिक्षा झाली नाही. पण आई परत गेली नाही. बोदवडला मामांच्या शेजारी खोली घेऊन ती शिवणकाम करू लागली. तिला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. आबा अजून मळ्यात आहेत, आणि गाव त्यांना अजून दिलदारच म्हणतं.

आज मी धुळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. उदार, दयाळू, कनवाळू हे एकाच ओळीत छापलेले असतात. उदार माणूस देतो ते लोकांना दिसतं, कनवाळू माणसाला समोरच्याचं दुखणं दिसतं, असं मी सांगते. मुलं ते परीक्षेत लिहीत नाहीत, आणि लिहिलं तर गुणही मिळणार नाहीत.

मागच्या वर्षी अक्का बोदवडला आली. मनगट वाकडंच जुळलंय, त्या हाताने घड उचलता येत नाही. आईने तिच्यासाठी खिचडी टाकली. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, ती गोणी आणायलाच धावली. मी तसं म्हटल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. ती घाबरून पळाली होती, झोपडीत शिरून तिने दार लावून घेतलं होतं.

"मग परत का आलीस?"

 ती म्हणाली, आत बसून तिला आईचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मग ते ऐकू यायचं थांबलं.